मणामागे आठ आणे

१९०३ सालापर्यंत हिंदुस्थानच्या बहुतेक भागात मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. मण म्हणजे चाळीस शेर आणि अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा. हिशेब तोंडी होतो. पण मीठ-भाकरीवर दिवस काढणाऱ्या कुणब्याला, मजुराला, मासळी खारवणाऱ्या कोळ्याला तो आणा प्रत्येक शेरामागे न चुकता मोजावा लागे. १९०३ मध्ये हा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. १९०५ मध्ये आणखी आठ आण्यांनी उतरला, १९०७ मध्ये पुन्हा आठ. अडीच रुपयांचा एक रुपया झाला आणि शेरामागचा आणा, म्हणजे बारा पै, पाच पैंच्याही खाली आला.

याचं सगळं श्रेय एका माणसाला देता येणार नाही. सरकारची तिजोरी त्या वर्षांत भरलेली होती आणि मीठकराविरुद्ध बोलणारे पुष्कळ होते. पण ती तिजोरी नेमकी कुणाच्या खिशातून भरली, हे २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात व्हाइसरॉय कर्झनच्या समोर आकड्यांनी मांडलं ते गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. तेव्हा त्यांचं वय ३५ होतं. ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवत आणि त्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेलं होतं. अर्थसंकल्पावर बोलता येई, पण मत देता येत नसे. म्हणजे शब्दांपलीकडे कुठलंही हत्यार हातात नव्हतं.

आठ आण्यांवर कुणी पोवाडा रचत नाही. ध्रुवीकरणाच्या काळात नेमस्त माणसाचं काय होतं, हे समजून घ्यायला मला हे आठ आणे फार उपयोगी वाटतात, कारण त्या कामाची किंमत आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यांत दिसतात.

मराठीत या राजकारणाला तीन शब्द आहेत. 'मवाळ' हा जहालांच्या तोंडून रुळला आणि त्यात कणा नसल्याचा आरोप आहे. 'प्रागतिक' हा पुढे त्या पक्षाने मिरवला. तिसरा शब्द 'नेमस्त', म्हणजे बेताचा, प्रमाणात असलेला. मवाळ शब्दात मऊपणा आहे, नेमस्त शब्दात मोजमाप आहे. हाच शब्द मला खरा वाटतो.

१८९५ मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली. न्यायमूर्ती रानड्यांनी ती परत मिळवण्यासाठी डावपेच लढवले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. तिच्या जाहीरनाम्यात उदारमतवाद आणि नेमस्तपणा या दोन शब्दांचे अर्थ त्यांनी सांगून ठेवले आहेत. वंश-धर्माचा पूर्वग्रह न बाळगणं, राज्यकर्त्यांना कायद्यापुरती निष्ठा देणं आणि त्याच कायद्याने मिळणारी समता लोकांना मिळवून देणं, हा उदारमतवाद. अशक्याच्या मागे व्यर्थ न धावता, वाढीच्या क्रमात जे पुढचं पाऊल येतं ते रोज टाकणं, हाताजवळचं काम तडजोडीच्या आणि न्यायाच्या बुद्धीने करणं, हा नेमस्तपणा. 'कायद्यापुरती निष्ठा' हे शब्द सावकाश वाचावेत. राज्यकर्त्यावर भक्ती करा, असं त्यात कुठेही नाही.

आज नेमस्ताला लोक 'मधला' समजतात, आणि सगळा घोटाळा इथून सुरू होतो. मधला माणूस आपली जागा दोन टोकांवरून ठरवतो. टोकं सरकली की तोही सरकतो. एक बाजू पूर्ण खोटं बोलत असेल आणि दुसरी खरं, तर मधोमध उभा राहणारा अर्धं खोटं पत्करतो, आणि वर स्वतःला समतोल म्हणवतो. नेमस्ताची जागा प्रश्नावरून ठरते. मिठाच्या प्रश्नावर गोखले सरकारच्या सरळ विरोधात होते. ऑगस्ट १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवर लोकांचं म्हणणं ऐकायला सरकार थांबेना, तेव्हा फिरोजशहा मेहतांबरोबर ते सभात्याग करून बाहेर पडले. १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी बंगालच्या फाळणीचा कडक निषेध केला. बहिष्काराचं शस्त्र शेवटचा उपाय म्हणून वापरण्याचा बंगालचा हक्कही मान्य केला. यातलं काहीच 'मधलं' नाही. फक्त कुठल्या प्रश्नाला किती जोर लावायचा, हे दर वेळी नव्याने मोजलेलं आहे.

या मोजण्यासाठी काय करावं लागतं, ते १९०२ च्या भाषणात दिसतं. सरकार शिल्लक दाखवत होतं आणि सभागृह अर्थमंत्र्यांचं अभिनंदन करत होतं. आपल्याला या अभिनंदनात सामील होता येत नाही, असं सांगूनच गोखल्यांनी सुरुवात केली. कारणही उलगडून सांगितलं. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव तेरा पेन्सच्या आसपास घसरला होता. हिंदुस्थान सरकारला विलायतेत दर वर्षी पौंडांत मोठी रक्कम पाठवावी लागे. २४० पेन्सचा एक पौंड; तेरा पेन्सच्या रुपयाने तो घ्यायला साडेअठरा रुपयांच्या जवळपास पडत. या तुटीच्या नावाखाली कर वाढले. मिठावरचा कर तर १८८८ मध्येच दोनाचे अडीच रुपये झाला होता. सरकारने १८९३ मध्येच लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं टांकसाळींत बंद केलं होतं; त्या जोरावर पुढे रुपयाचा भाव सोळा पेन्सवर नेला. आता तोच पौंड पंधरा रुपयांत मिळू लागला. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक आली ती इथून. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही भरभराट नाही, गरजेपेक्षा जास्त घेतलेला कर आहे, तो परत करा, आणि सुरुवात गरिबाच्या मिठापासून करा. कर उतरला तर खप वाढेल आणि बुडालेलं उत्पन्न काही वर्षांत भरून निघेल, हेही त्यांनी जोडलं. १९०३ मध्ये मिठाबरोबर प्राप्तिकराची सूटमर्यादाही पाचशेवरून हजार रुपयांवर गेली.

या मांडणीत शिवी नाही, आणि सरकारचा हेतू वाईट आहे असाही दावा नाही. विरोधकाचेच आकडे घेऊन, त्याच्याच वहीतली बेरीज त्याला पुन्हा करून दाखवली आहे. हेतूवर बोललं की वाद अनंतकाळ चालतो, कारण हेतू कुणालाच मोजता येत नाही. आकड्यावर बोललं की समोरच्याला उत्तर तरी द्यावं लागतं, नाहीतर त्याचं गप्प राहणं सगळ्यांना दिसतं.

हे काम आज कुणालाही करता येतं. केंद्राच्या अर्थसंकल्पाची खर्चाची पुस्तिका उघडली की प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. भाषणात आणि बातमीत येतो तो चौथा रकाना. आधी दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून पाहावेत. मूळ अंदाजापेक्षा सुधारित अंदाज बराच खाली आला असेल, तर पैसे जाहीर झाले पण खर्च झाले नाहीत. मग पहिला रकाना पाहावा आणि हीच गोष्ट आणखी दोन वर्षं मागे जाऊन तपासावी. एका वर्षाचा आकडा फसवतो. पूर, निवडणूक, अडकलेली निविदा, काहीही कारण असू शकतं. तीन वर्षं तेच दिसलं तर ती सवय. शेवटी दोन वर्षांतली वाढ महागाईशी ताडून पाहावी. पाच टक्के वाढ आणि सहा टक्के महागाई असेल तर ती कपात आहे. बहुतेक भांडणं या चार रकान्यांच्या आधीच संपतात, कारण दोन्ही बाजूंनी फक्त चौथाच पाहिलेला असतो, एकाने टाळ्यांसाठी आणि दुसऱ्याने टीकेसाठी.

विधेयकाचंही तसंच. 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' शेवटी जोडलेलं असतं आणि ते नेहमी गोड असतं. वाचायचं असतं ते कलम, आणि कलमाखालचं 'परंतु' या शब्दाने सुरू होणारं परंतुक. अधिकार दिला कलमाने आणि काढून घेतला परंतुकाने, असं वारंवार घडतं. नियम करण्याची सत्ता कुणाला दिली आहे हे कलमही सोडू नये. पुष्कळसं खरं राज्य तिथून चालतं.

इतकी मेहनत करूनही नेमस्ताचं चुकतं. कसं चुकतं याचं सगळ्यांत वेदनादायक उदाहरण गोखल्यांच्याच आयुष्यात आहे.

१८९७. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले होते. साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेग, घरोघर गोऱ्या सोल्जरांच्या झडत्या, लोकांचा संताप. पुण्याहून त्यांना पत्रं येत होती. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि विलायतेत हिंदुस्थानविरोधी लाट उसळली. लोक असे का चिडले हे सांगण्यासाठी गोखल्यांनी पत्रांतला मजकूर तिथल्या खासदारांपुढे आणि वर्तमानपत्रापुढे ठेवला. त्यात अतिशय गंभीर आरोप होता: सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने जीव दिला. मुंबई सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर गोखले परत आले, पुणे-मुंबईत फिरले, पत्रं लिहिणाऱ्यांना भेटले. टिळक नुकतेच राजद्रोहाखाली पकडले गेले होते आणि हवेत भीती होती. पुढे येऊन सांगायला कुणी तयार होईना. ऑगस्टच्या सुरुवातीला गोखल्यांनी जाहीर बिनशर्त माफी मागितली. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांची नावं मात्र सरकारला दिली नाहीत.

या माफीने पुण्यात त्यांची जी नाचक्की झाली ती पुढे कित्येक वर्षं पुरली. भित्रा, सरकारशरण, हे शब्द त्यांना तेव्हा चिकटले. घटना नीट उलगडली तर त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी सापडतात. पहिली, चूक. झडत्यांचा जाच खोटा नव्हता, पण नेमका तो आरोप ऐकीव होता आणि साक्षीदार तपासण्याआधीच तो जगापुढे गेला. विश्वासू माणसाने लिहिलं म्हणून खरं मानलं, एवढीच ती चूक, आणि आज ती आपल्या फोनवर रोज होते. दुसरी, दुरुस्ती. सिद्ध करता येत नाही असं दिसल्यावर सबबी न सांगता त्यांनी शब्द मागे घेतला. तिसरी गोष्ट मला खटकते: दुरुस्ती चुकीपेक्षा मोठी झाली. माफी गव्हर्नरची मागितली, प्लेग समितीची मागितली आणि सगळ्या सोल्जरांचीही मागितली. 'या आरोपाचा पुरावा मी देऊ शकत नाही, म्हणून तो मागे घेतो. झडत्यांबद्दलची बाकीची तक्रार कायम आहे' एवढंच म्हटलं असतं, तर सत्यही राखलं गेलं असतं आणि पुणेकरांची बाजूही. पश्चात्तापाच्या भरात प्रामाणिक माणूस आपलं खरं म्हणणंही सोडून देतो. नेमस्ताने माफीसुद्धा मोजून मागावी लागते.

त्यानंतर ते प्लेगनिवारणात स्वयंसेवक म्हणून राबले. टीकेला दिलेलं त्यांचं उत्तर बहुधा तेच.

सुरतेच्या काँग्रेसबद्दल मराठी वाचकाला जोडा आठवतो. २७ डिसेंबर १९०७ ला मंडपात उडालेला तो जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला. पण जोडा हा शेवट होता. सुरुवात कागदाची होती. आदल्या वर्षी कलकत्त्याला स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे चार ठराव झाले होते. अधिवेशन नागपूरहून सुरतेला हलवलं, तिथेच जहालांच्या मनात पाल चुकचुकली. चार ठराव पातळ केले जाणार अशी कुजबुज पसरली, आणि ठरावांचे छापील मसुदे प्रतिनिधींच्या हाती वेळेवर पडले नाहीत. टिळकांनी अध्यक्षनिवडीच्या वेळी बोलण्यासाठी स्वागताध्यक्षांकडे चिठ्ठी पाठवली, तिला उत्तर मिळालं नाही. ते व्यासपीठावर गेले, त्यांना नियमबाह्य ठरवलं गेलं, आणि मग जोडा.

मसुदे दोन दिवस आधी वाटले असते तर सुरत टळली असती का? दुफळी बहुधा झालीच असती. तिची मुळं खोल होती. पण ती चर्चेतून झाली असती, खुर्च्यांतून नाही. ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याने कागद सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांना द्यायचा असतो. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी लागते, ती याचसाठी. उशिरा आलेला कागद कितीही निर्मळ असला तरी कट वाटतो. आणि विरोधकाच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं असतं, नकाराचं असलं तरी. त्या दिवशी नियम कदाचित नेमस्तांच्या बाजूने असेल, पण शिष्टाचार नव्हता.

त्याच गोंधळातली आणखी एक गोष्ट तिथे हजर असलेले इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनी नोंदवली आहे. टिळक हाताची घडी घालून व्यासपीठावर उभे होते. त्यांना खाली फेकायला नेमस्तांचीच तरुण मंडळी मुठी वळून धावली. तेव्हा गोखले टिळकांच्या शेजारी जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. आपल्याच बाजूच्या लोकांना त्यांनी अडवलं.

नेमस्ताला सगळ्यांत अवघड जाते ती हीच जागा. विरोधी गटाच्या चुका दाखवायला धाडस लागत नाही, त्यावर आपल्या गटात शाबासकी मिळते. आपल्या माणसांचा हात धरायला लागतो तो क्षण खरा.

पण सुरतेनंतर नेमस्तांनी जे केलं त्याचं समर्थन मला करता येत नाही. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला त्यांनी काँग्रेसची घटना ठरवली: साम्राज्यांतर्गत स्वराज्य आणि केवळ सनदशीर मार्ग हे ध्येय लेखी मान्य करेल तोच प्रतिनिधी. दार बंद झालं. जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि ते सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. काँग्रेस नेमस्तांच्या हाती राहिली खरी, पण तिच्यातला जीव बाहेर गेला. मतभेदाला जागा ठेवणं हाच ज्यांचा धर्म, त्यांनीच मतभेदाला अट घातली.

दुसरी उणीव याहून मोठी, भाषेची. गोखल्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं इंग्रजीत होती, कलकत्त्याला होती, आणि इंग्रजी वाचणाऱ्यांनी वाचली. शेरामागे आणा भरणाऱ्या माणसाच्या कानावर, त्याच्या आण्यासाठी कुणी भांडतंय, हे गेलंच नाही. टिळकांचा 'केसरी' मराठीत होता आणि गावच्या पारावर मोठ्याने वाचला जाई. गणेशोत्सव होता, शिवजयंती होती. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणाऱ्याकडे लोक गेले, यात लोकांचं काय चुकलं? सुबुद्ध माणसं आजही हीच चूक करतात. मुद्दा बिनतोड असतो, तो लेखात असतो, आणि लेख ज्यांना आधीच पटलेलं असतं तेच वाचतात.

आणि मिळवलेलं टिकतंच असं नाही. १९१६ मध्ये मीठकर पुन्हा चार आण्यांनी वाढला. १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने विरोध करूनही व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात तो दुप्पट, म्हणजे पुन्हा अडीच रुपये केला. पुढच्या वर्षी तो सव्वा रुपयावर आला. १९३० मध्ये दांडीला मीठ उचललं गेलं तेव्हा तो तेवढाच होता. तीन पायऱ्यांनी उतरवलेला कर एका सहीने वर चढला. ज्या सत्तेवर मतदाराचा धाक नाही तिच्याशी नुसत्या आकड्यांनी बोलून भागत नाही, हे जहालांचं म्हणणं या बाबतीत खरं ठरलं. ते मान्य करणं नेमस्तालाच शोभतं.

मग उरतं काय? १६ मार्च १९११ ला गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात, तिथेच. स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच. सरकारची पूर्वपरवानगी घेऊन. आणि आधी फक्त ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असेल तर फी माफ. खर्चाचे दोन वाटे सरकारचे, एक स्थानिक संस्थेचा, अशी त्यांची सूचना होती. इतक्या अटी घालूनही १९ मार्च १९१२ ला ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात सरकारी अधिकारी होतेच, पण काही हिंदी जमीनदारही होते. यात नेमस्ताची एक नेहमीची खोट दिसते: समोरचा कापील म्हणून तो आपला मसुदा आधीच कापून आणतो, आणि समोरचा तिथून पुढे कापायला लागतो. मागणी पूर्ण मांडावी आणि तडजोड सगळ्यांदेखत करावी. घरून करून आणू नये.

आपल्या पिढीने आपल्या अपयशांमधूनच देशाची सेवा करायची आहे, असं गोखले त्या चर्चेत म्हणाले. विधेयक पडलं तरी कलमं आणि आक्षेप छापील उरले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना ते करण्याची मुभा मिळाली. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. १३ मतांपासून इथवर ९८ वर्षं.

गोखल्यांचं ते विधेयक खाजगी सदस्याचं, म्हणजे सरकारात नसलेल्या सदस्याने मांडलेलं होतं. स्वतंत्र भारतात संसदेने आजवर अशी फक्त १४ विधेयकं मंजूर केली आणि शेवटचं १९७० मध्ये. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. एक तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर पूर्वी सूट होती, ती २००३ मध्ये गेली. विलीनीकरणासाठी दोन तृतीयांशांची वाट मात्र राहिली. म्हणजे एकट्याने सद्सद्विवेकाने दिलेलं मत शिक्षेला पात्र आणि घाऊक जाणं वाटाघाटीचा विषय. घोडेबाजार थांबावा म्हणून केलेल्या कायद्याने आधी नेमस्ताचा आवाज थांबवला, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकार टिकण्याचा प्रश्न असेल, म्हणजे विश्वासदर्शक ठराव किंवा अर्थसंकल्प, तिथे पक्षादेश समजू शकतो. शिक्षणाच्या किंवा पाण्याच्या विधेयकावर तो कशाला? संसदेत मोकळं बोलण्याची एक जागा उरली आहे, विभागवार स्थायी समित्या. त्या १९९३ पासून आहेत. तिथे पक्षादेश चालत नाही. त्यांचे अहवाल प्रसिद्ध होतात आणि असहमतीची टिपणं त्यांत जोडलेली असतात. आपला खासदार खरोखर काय विचार करतो हे टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा तिथे जास्त कळतं.

१२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज स्थापन झाला, तेव्हा सदस्यांसाठी सात प्रतिज्ञा ठरल्या. देश प्रथम, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, जातपात न पाहता सगळ्यांसाठी काम, अशा त्या आहेत. सहावी प्रतिज्ञा अशी: मी कुणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. राजकारण करायला निघालेल्या माणसांकडून ही शपथ घ्यावीशी वाटली, यावरून त्या काळचं पुणं कळतं. याच समाजातून पुढे ना. म. जोशींचं कामगारांमधलं काम उभं राहिलं, गोपाळ कृष्ण देवधरांचं सेवासदन उभं राहिलं, ठक्करबाप्पांची आदिवासींमधली सेवा झाली.

ही सहावी प्रतिज्ञा आज घराघरात हवी आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी काही टाकलं आणि पुतण्याने तोडलं, की तिसऱ्या उत्तराला विषय सुटतो आणि माणूस धरला जातो. एकाच वाक्यासाठी एका ग्रुपमध्ये 'भक्त' आणि दुसऱ्यात 'फुरोगामी' अशी पदवी मिळते. तिथे नेमस्त माणसं तीन गोष्टींत फसतात. एक, प्रत्येक वाक्याआधी 'मी त्यांचा समर्थक नाही, पण' हे प्रतिज्ञापत्र जोडतात. मुद्दा राहतो आणि निष्ठेची तपासणी सुरू होते. ते वाक्य गाळावं. दोन, 'तेव्हा कुठे होतात?' या प्रश्नाला चिडून उत्तर देतात. तेव्हा बोललो असू तर तसं सांगावं, बोललो नसू तर 'तेव्हा बोलायला हवं होतं' असं कबूल करावं, आणि पुन्हा आजच्या मुद्द्यावर यावं. तीन, कंटाळून 'सगळे सारखेच' म्हणतात. हे वाक्य नेमस्ताचं नव्हे, ते न मोजणाऱ्याचं आहे. सगळे सारखे कधीच नसतात. एका कामात एक सोळा आणे चुकतो, दुसरा दोन आणे, आणि पुढच्या कामात उलटं होतं. काकांना 'तुमचं हे म्हणणं मला पटत नाही, हा तक्ता बघा' असं म्हणता येतं, आणि दिवाळीला त्यांच्याकडे फराळालाही जाता येतं.

ती प्रतिज्ञा गोखल्यांना स्वतःलाही शेवटपर्यंत जड गेली. १९१४ मध्ये टिळक सुटून आले आणि समेटाची बोलणी सुरू झाली. डिसेंबरात गोखल्यांनी काँग्रेसचे होणारे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना खाजगी पत्र लिहिलं: टिळकांना परत घेतलं तर ते आत येऊन अडवणुकीचं राजकारण करतील. जे समोर बोलायचं ते पाठीमागे लिहिलं गेलं. पत्रातला मजकूर बाहेर आला, बोलणी फिसकटली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये वर्तमानपत्रांतून कडवट जाबजबाब सुरू झाले. ते चालू असतानाच, १९ फेब्रुवारीला, वयाच्या ४८व्या वर्षी गोखले गेले.

टिळक तेव्हा सिंहगडावर होते. ते खाली उतरून पुण्याला आले आणि स्मशानात बोलायला उभे राहिले. ही वेळ टाळ्या वाजवण्याची नाही, अश्रू ढाळण्याची आहे, असं त्यांनी आधी जमलेल्यांना सांगितलं. मग म्हणाले की हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न, कार्यकर्त्यांचा मुकुटमणी इथे चिरनिद्रा घेतो आहे. त्याच्याकडे पाहा आणि त्याच्यासारखं होण्याचा प्रयत्न करा. मतभेद होते तिथेच होते. काँग्रेसचे दोन गट लखनौला एकत्र यायला अजून २२ महिने होते.